तेवीस खिडक्यांचे काका

आमच्या घरमालकांनी वरचा मजला भाड्याने देण्याआधी आमची नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, घरात कोण कोण राहणार हेही विचारलं नाही. माझ्या नवऱ्याने सातपूरच्या कंपनीचं ओळखपत्र खिशातून काढून तयार ठेवलं होतं, ते त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "फोडणी देताना खिडकी उघडी असते की बंद?"

माझ्या लग्नाला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. मालेगावला आमच्या माहेरच्या स्वयंपाकघरात खिडकी नव्हतीच, पत्र्याखाली एक झरोका होता. पण उत्तर कोणतं हवं आहे हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. "उघडी," मी म्हणाले. म्हणजे त्यांच्याशी बोललेला माझा पहिलाच शब्द खोटा होता.

"ओलं फडकं गजांवर वाळत घालता?"

"छे!"

"खिडकीत कुंड्या?"

"नाही हो."

"बरं," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. नवऱ्याच्या नव्हे, माझ्या.

नाशकात गंगापूर रोडच्या आतल्या एका गल्लीतला तो दुमजली बंगला त्यांनी स्वतः, थोडा थोडा करत, दहा वर्षं बांधला होता. रेल्वेच्या कारखान्यात ते जुन्या डब्यांच्या लाकडी खिडक्या दुरुस्त करायचे. दिवसभर रेल्वेच्या खिडक्या करायच्या आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या. सुरगाण्याकडून आणलेला साग, एकेक फळी पारखून घेतलेली. खाली बारा, वर अकरा, अशा तेवीस खिडक्या. विटा-सिमेंटबद्दल त्यांना फारसं प्रेम नव्हतं. भिंती म्हणजे खिडक्या उभ्या राहाव्यात म्हणून केलेली सोय, असं त्यांचं एकूण मत असावं.

त्यांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात, जिथे इतरांचं पेन असतं, तिथे एक टोचा असायचा. सायकलच्या चाकाची तार घासून टोकदार केलेली आणि तिला सागाची मूठ. खिडकीपाशी आले की आधी मुठीने तीन ठोके द्यायचे, मान कलती करून ऐकायचे, मग टोक लाकडावर ठेवून दाबायचे. टोक तांदळाच्या दाण्याएवढं आत गेलं तर चालेल, त्याहून जास्त गेलं तर लाकूड आतून कुजलं. एरवी आमच्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत बोलणारे काका मूळचे नामपूरकडचे, आणि खिडकी पास झाली की त्यांच्या तोंडून गावाकडचं निघायचं. "जित्ती शे," ते म्हणायचे. जिवंत आहे. मग चौकटीवर हात फिरवायचे.

ही तपासणी फक्त स्वतःच्या घरापुरती असती तर काकूंचं आयुष्य सोपं गेलं असतं. मुलासाठी मुलगी बघायला गेले तेव्हाची गोष्ट त्या सांगायच्या. पोहे झाले, मुलगी आली, प्रश्न विचारून झाले आणि बघतात तर वरपिता गायब. मुलीचे वडील शोधायला गेले, तर हे मागच्या पडवीत खिडकीखाली उकिडवे बसून टोचा मारत होते. परतीच्या एसटीत काकूंनी विचारलं, "कशी वाटली?" काका म्हणाले, "फार नीट ठेवलीये. खालची पट्टीसुद्धा कोरडी ठणठणीत." काकूंना वाटलं, माणूस मुलीबद्दल बोलतोय. मग दोन थांबे गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. लग्न मात्र तिथेच झालं, आणि काकू कबूल करायच्या की सून खरंच चांगली निघाली.

एकदा त्यांची दाढ किडली म्हणून मी त्यांच्याबरोबर दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टरांनी आकडा घेऊन दाढेत टोचलं आणि काका तोंड उघडं ठेवूनच आनंदाने काहीतरी बोलू लागले. डॉक्टरांनी हात काढल्यावर म्हणाले, "कुजलेलं सगळं काढणार ना? चांगलं लागेपर्यंत?" डॉक्टर हो म्हणाले. "आणि मग?" "मग सिमेंट भरणार." काकांचा चेहरा पडला. "तेवढं सोडलं तर तुमचं काम आमच्यासारखंच आहे," ते म्हणाले. गवंडी लोक कुजलेल्या चौकटीत सिमेंट भरून वरून रंग फासतात याचा त्यांना इतका राग होता की ती दाढ त्यांनी पुढे काढूनच टाकली.

लाकूड पाण्याने कुजत नाही, अडकलेल्या पाण्याने कुजतं, हे त्यांचं मुख्य म्हणणं. "येणाऱ्या पाण्याला जायला वाट ठेवा, बाकी साग बघून घेतो," असं ते कुणालाही ऐकवायचे, पोस्टमनलासुद्धा. म्हणूनच त्यांच्या खिडक्यांना तैलरंग नव्हता. दर वैशाखात, लाकूड उन्हाने कडकडीत वाळलेलं असताना, ते शिडी लावायचे आणि प्रत्येक चौकटीला बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, पाजायचे. लावायचे नाही, पाजायचे. हा त्यांचाच शब्द. जिथे लाकडाचं कापलेलं आडवं तोंड असतं तिथे तीनतीनदा, कारण तिथून लाकूड पाणी पितं. बंगल्याभर आठवडाभर जवसाच्या तेलाचा वास राहायचा. त्या खिडक्या काळपट तपकिरी दिसायच्या. गल्लीतले बाकीचे बंगले दिवाळीत निळे-हिरवे रंगून लखलखायचे आणि त्यांच्यामध्ये आमचा बंगला आंघोळ न केल्यासारखा उभा असायचा.

इथे माझी गोष्ट सुरू होते, आणि ती सांगताना मला आजही बरं वाटत नाही.

त्या घरातली आमची पहिली दिवाळी. सासरे कळवणहून पहिल्यांदाच आमचं बिऱ्हाड बघायला येणार होते. सासूबाई नव्हत्या, त्यामुळे मांडामांड बघणारे, नावं ठेवणारे आणि कौतुक करणारे तेच. दिवाळीला घराला रंग नाही हे मला स्वतःलाच सहन होत नव्हतं, त्यांना काय होणार? काका-काकू चार दिवस मुलाकडे बडोद्याला गेले होते. मी नवऱ्याला भंडावून सोडून निळ्या तैलरंगाचा डबा आणवला आणि स्वयंपाकघराची खिडकी, जी शेजारच्या बोळावर उघडायची आणि रस्त्यावरून दिसायची नाही, ती एका दुपारात रंगवून टाकली.

रंगवताना गजांतून हात बाहेर घातला तेव्हा खालच्या आडव्या पट्टीच्या पोटाला, करंगळी बसेल एवढी एक लांब चीर हाताला लागली. मला वाटलं लाकूड तडकलंय. रंगाआधी भेगा भरायच्या असतात एवढं मला माहीत होतं. मी खडूची पूड तेलात कालवून लुकण मळलं आणि ती चीर या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठ्याने दाबून दाबून भरली. फार नीटनेटकं काम केल्याचं समाधान वाटलं. सासरे आले, निळी खिडकी बघून म्हणाले, "झ्याक दिसतीय," आणि मी धन्य झाले.

काका परत आले ते वासावरूनच सरळ वर आले. मला वाटलं, आता सामान बाहेर. ते खिडकीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "चार महिने पाऊस प्यायलेलं लाकूड आहे हे. आत ओल असताना वरून तुम्ही झाकण लावलंत." मी मान खाली घातली. "असू दे. वैशाखात खरवडून काढू. खालची चर नाही ना बुजवली?"

तेव्हा मला कळलं की ती चीर नव्हती, चर होती, आणि मुद्दाम पाडलेली होती.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी मान डोलावली आणि ते खाली गेले. घर जाईल या भीतीने मी खोटं बोलले, एवढंच त्याचं कारण. वैशाखात त्यांनी माझ्याकडून रंग खरवडून घेतला, तेल पाजून घेतलं, आणि चरीचा उपयोगही तेव्हाच समजावून सांगितला. ओलं बोट पट्टीवरून फिरवून दाखवलं. पाणी पट्टीवरून घसरतं, कडेला येतं, खालच्या बाजूने परत भिंतीकडे सरकतं. मध्ये चर असली की तिथे अडून थेंब खाली पडतो. नसली की पाणी थेट सांध्यात जाऊन बसतं.

बोळात शेजाऱ्यांची पाण्याची टाकी होती, शिडी टेकवायला जागा नव्हती. त्यामुळे तेवीसपैकी ही एकच खिडकी त्यांना बाहेरून बघता येत नसे. त्यांचा रुंद हात गजांतून जायचा नाही, माझा जायचा. दर वैशाखात ते माझ्या मागे उभे राहायचे, मी गजांतून हात घालून पट्टीखाली बोट फिरवायची, आणि ते विचारायचे, "मोकळी?"

दगडासारख्या झालेल्या लुकणावरून बोट फिरवत मी म्हणायची, "मोकळी."

एकदा ते नसताना मी सुरीच्या टोकाने उकरायचा प्रयत्न केला. सुरी वाकली. सांगून टाकावं असं अनेकदा वाटलं, पण एक वर्ष गेलं की मागचं वर्षही कबूल करावं लागणार, दोन गेली की दोन्ही. अशी पाच वर्षं मी "मोकळी" म्हणाले.

काका त्र्याहत्तर वर्षांचे झाले त्या वैशाखात शिडीवरून पडले. मनगट मोडलं. डोकं थोडक्यात वाचलं. बडोद्याहून मुलगा धावत आला आणि तेव्हाच त्याने मनाशी ठरवलं असावं. गणपतीत तो पुन्हा आला तो एका कंत्राटदाराला घेऊन. तोवर गल्लीतल्या निम्म्या घरांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या बसल्या होत्या. कंत्राटदार टेप लावून मापं घेऊ लागला.

मुलगा वाईट नव्हता. उलट रडकुंडीला आला होता. "बाबा, नाशकात बदली मिळेल तेव्हा मिळेल. तोपर्यंत तुम्ही दर उन्हाळ्यात वर चढणार आणि मी तिकडे फोनची धास्ती घेऊन बसणार. मला नको ह्या खिडक्या. मला तुम्ही हवे आहात."

काकूंनी हळूच डोळे पुसले. काकांनी खिशातला टोचा काढून मुलासमोर धरला.

"खिडक्या म्हाताऱ्या झाल्यात म्हणून काढणार असशील तर आधी बघ. तेवीस आहेत. एकीत जरी दाण्यापेक्षा जास्त गेला तर सगळ्या काढ. मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही."

"आणि नाही गेला तर?"

"तर ह्यांना चहा पाजून घरी पाठव."

"अहो, भर पावसाळ्यात?" काकू म्हणाल्या. "लाकूड ओलं असतं. दसऱ्यानंतर बघा."

"आत्ताच," काका म्हणाले.

मी जिन्यात उभी राहून हे ऐकत होते. तेविसावीत काय निघणार हे मला माहीत होतं. दोन महिन्यांपासून स्वयंपाकघरात एक कुबट वास येत होता. खिडकी पुसताना डाव्या कोपऱ्यात फडक्याखाली लाकूड भिजलेल्या पावासारखं दबलं होतं. तिथे मी मिठाची बरणी ठेवली होती. त्या क्षणी खाली जाऊन दोन वाक्यं बोलले असते तरी पुरलं असतं. मी वर गेले आणि चहाचं आधण ठेवलं.

खालच्या बारा खिडक्या झाल्या. मुलगा स्वतः टोचत होता आणि काटेकोरपणे टोचत होता. त्र्यंबककडून येणारा पाऊस ज्या चार खिडक्यांवर वर्षानुवर्षं झोडपत होता, त्यांवर त्याने अंगाचा भार टाकला. टोक जागचं हललं नाही. वर आले तोवर कंत्राटदाराने टेप खिशात घातली होती आणि तो चौकटींवर हात फिरवत विचारत होता, "कुठला माल हो हा, काका?" बाविसावी खिडकी आमच्या बाहेरच्या खोलीतली. ती झाल्यावर मुलाने कपाळावरचा घाम पुसला आणि तो हसत सुटला.

"बस झालं, बाबा. जिंकलात तुम्ही. लय झालं."

कंत्राटदारही हसला. मी चहाचे कप आणले. माझा जीव भांड्यात पडला होता.

"एक राहिली," काका म्हणाले.

"राहू द्या हो आता!"

"तेवीस म्हटलं होतं."

मुलाच्या हातून टोचा घेऊन ते स्वयंपाकघरात आले. त्यांच्या मागोमाग मी. मिठाची बरणी त्यांनी उचलून ओट्यावर ठेवली आणि सवयीने मुठीचे तीन ठोके दिले. तो आवाज मी पाच वर्षं ऐकत आले होते, टणक, भरलेला. या वेळी पुठ्ठ्याच्या खोक्यावर मारल्यासारखा आला. काका थांबले. पुन्हा एकदा ठोकलं. मग त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली वळवली, आणि त्यांना जे कळायचं ते तेवढ्यात कळलं असणार.

बाहेरच्या खोलीत बापलेकाचं भांडण मिटल्याच्या आनंदात काकू चिवड्याचा डबा उघडत होत्या. मुलगा हरल्याचं कबूल करून बसला होता. आत आम्ही दोघंच. काकांनी टोचा खिशात घातला असता आणि बाहेर जाऊन "झालं" म्हणाले असते तर त्यांच्या बाविसही खिडक्या वाचत होत्या. तेविसावी त्यांनी मागाहून गुपचूप नीट केली असती. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं, पाच वर्षं मी दुसरं काय करत होते?

"अरे, जरा इकडे ये," त्यांनी मुलाला हाक मारली.

तो आल्यावर त्याच्यादेखत त्यांनी टोक डाव्या कोपऱ्यात ठेवलं आणि बोटाने नुसतं दाबलं. तार मुठीपर्यंत आत गेली. बाहेर काढल्यावर भोकातून काळं पाणी आलं.

"हरलो," काका म्हणाले.

मुलगाच गडबडला. "पण तुम्ही दरवर्षी बघता ना ही? एवढी कशी..."

"राहिली माझ्याकडून."

माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मी तिथेच उभी होते, तोंड उघडलं नाही. आयुष्यात मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नाही. कंत्राटदाराने पंधरा दिवसांनी माणसं घेऊन यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका हत्यारांची पिशवी घेऊन उभे. मनगट अजून आखडलेलं. "शेगडी जरा पलीकडे सरकवून घ्या, सूनबाई. आठ-दहा दिवस त्रास होईल."

"पण काका, ही तर काढणारच आहेत!"

"काढू देत. कुजलेली निघाली तर भंगारात जाईल. नीट झाली तर कुणाच्या तरी घराला लागेल."

त्यांनी दोन गज काढले आणि बल्बला पत्र्याची टोपी करून तो खिडकीच्या अंगाशी टांगला. पाच दिवस ते लाकूड नुसतं शेकत होतं. रोज येऊन हात लावून बघायचे आणि परत जायचे. सहाव्या दिवशी पटाशी घेऊन बसले. काळा भुसा निघत होता, मग तपकिरी, मग एका ठिकाणी पटाशी वाजली तसे ते थांबले आणि तिथून पुढे दोन बोटं चांगलं लाकूडही त्यांनी कापलं. "कूज दिसते त्याच्या पुढे गेलेली असते," ते म्हणाले. तेवढ्यात पट्टीखालून काहीतरी खळकन त्यांच्या तळव्यात पडलं.

लुकणाचा पांढरा, वीतभर लांब तुकडा. त्यावर ओळीने अंगठ्याचे ठसे उमटले होते, रेघारेघांसकट.

मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवाळीपासून पाचव्या "मोकळी"पर्यंत, आणि मिठाच्या बरणीचंही. रडत रडतच सांगितलं. ते लुकणाचा तुकडा उलटासुलटा करत ऐकत राहिले.

"तुम्हाला चर म्हणजे काय हे मी आधी सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "आणि पाच वर्षं मी ही खिडकी कानाने बघितली. तुम्ही म्हणालात मोकळी, मी म्हटलं मोकळी. कारागिराने हाताने बघायची असते. गज दोन मिनिटांत निघाले, बघितलंत ना त्या दिवशी? चूक माझी आहे."

"तुमची कशी, काका? मी खोटं बोलले!"

"ते तुमचं तुम्ही बघा. खिडकीचं मी बघतो. रडून झालं असेल तर हात धुऊन या."

मी हात धुऊन आले. त्यांनी पिशवीतून एक जुनाट सागाचा ठोकळा काढला. त्यावर पेन्सिलीने तेवीस आकडा लिहिलेला होता, पुसट झालेला. बंगला बांधताना प्रत्येक खिडकीच्या फळीचा उरलेला तुकडा त्यांनी नंबर घालून माळ्यावर ठेवून दिला होता. तीस वर्षं. ज्या झाडाची ती पट्टी होती त्याच झाडाचं, त्याच फळीचं, त्याच घराच्या हवेत मुरलेलं लाकूड. मी थक्क होऊन बघत राहिले. तो ठोकळा त्यांनी पट्टीशी धरला आणि फिरवत फिरवत अशा जागी आणला की पट्टीतल्या रेषा ठोकळ्यात शिरून पुढे चालू झाल्या. मग त्यांनी तिरपा लांब सांधा कापला, पाच वेळा लावून पाहिला, पाच वेळा काढून केसभर तासला. दोन डब्यांतला चिकट डिंक मिसळून लावला, सागाच्या बारीक खुंट्या ठोकल्या.

"शिकंजा इथे बसत नाही," ते म्हणाले. "तुम्ही धरा. हलू नका."

काढलेल्या गजांच्या जागेतून दोन्ही हात बाहेर घालून मी तो तुकडा दाबून धरला. तासभर. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली. ते शेजारी स्टुलावर बसून होते. मध्येच उठून माझ्या बोटांवर बोटं ठेवून दाब बघायचे. त्या तासात त्यांनी एकदाही मागचा विषय काढला नाही. डिंक वाळल्यावर त्यांनी नवी चर कापली, रंधा मारला, आणि मग दोन दिवस तेल पाजलं.

ठरलेल्या दिवशी मुलगा आणि कंत्राटदार आले. मी नवऱ्याला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, घर गेलं तर जाऊ दे. सगळ्यांसमोर मी बोलले, "भाऊ, ही खिडकी माझ्यामुळे कुजली. मी चर बुजवली आणि काकांशी पाच वर्षं खोटं बोलले. ते हरलेले नाहीत."

मुलगा वडिलांकडे बघू लागला. "मग तुम्ही तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"चौकट माझी. हरलो म्हणजे हरलो," काका म्हणाले. "सुरू करा."

मुलगा खिडकीपाशी गेला. वाकून बघितलं. बोट फिरवलं. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं. "कुठे जोडलंय?"

"सांधा दाखवायचा नसतो."

"आतल्या बाजूने आहे? डावीकडे?"

मुलाने पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नख ओढलं. कंत्राटदारानेही ओढून पाहिलं. दहा-पंधरा मिनिटं दोघं त्या पट्टीवर ओणवे होते. मग मुलगा ताठ झाला.

"बाबा, जी खिडकी कुजली म्हणून काढायचं ठरलं, तिचं कुजलेलं मला आधी सापडलं पाहिजे. सांधा सापडला की त्या दिवशी काढतो सगळ्या. तोवर थांबू."

काकांनी विचार केला. शब्द मोडतोय की नाही हे ते मनातल्या मनात ठोकून बघत असावेत. "नीट शोधायचं," ते शेवटी म्हणाले. "उगाच सोडून द्यायचं नाही."

"नीट शोधतो. पण शिडीवर मी चढणार. तुम्ही खाली खुर्चीत."

पुढे दर वैशाखात मुलगा रजा काढून यायचा. काका अंगणात खुर्ची टाकून बसायचे आणि खालून ओरडायचे, "तोंडाला तीनदा! तीनदा म्हटलं मी!" काम संपलं की तो वर आमच्या स्वयंपाकघरात येऊन पट्टीवर नख ओढून बघायचा. भिंग आणलं, विजेरी आणली. काका दारात उभे राहून बघायचे आणि तोंडातून अवाक्षर काढायचे नाहीत. आम्ही नंतर इंदिरानगरला आमच्या फ्लॅटमध्ये गेलो, तोवर हे चालू होतं.

काका गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला गेले. काकूंजवळ बराच वेळ बसले. निघताना मुलगा म्हणाला, "वहिनी, एक मिनिट वर येता?"

वरचा मजला रिकामा होता. ओटा कोरडा, खिडकी उघडी. तो मला त्या पट्टीपाशी घेऊन गेला.

"आता सांगा," तो म्हणाला. "इतकी वर्षं तुम्हाला विचारलं नाही, त्यांना आवडलं नसतं. तुम्ही तर हाताने धरून बसला होतात. कुठे आहे?"

मी पुढे झाले. तासभर माझी दहाही बोटं त्या जोडावर होती, ती जागा मला झोपेतसुद्धा सांगता आली असती. मी बोट टेकवलं. मग जरा डावीकडे. मग उजवीकडे. गजांतून हात बाहेर घातला, खालून चर मोकळी होती, तिच्यावरून बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं आणि कुठेही अडलं नाही. पदराने पट्टी पुसली, वाकून रेषा बघितल्या. एकेक रेषा धरून मी डावीकडून निघाले आणि उजवीकडे भिंतीला जाऊन लागले, मध्ये एकही तुटली नाही.

"वहिनी?"

"मला सापडत नाहीये," मी म्हणाले.